आपण कोणाला मत दिले हे उद्या गावात सर्वांना कळले, तर?

कातळसडा (देवगड तालुका)

नमस्कार मंडळी.

निवडणुकीचा निकाल लागून थोडे दिवस गेले की आमच्या वाडीत एक हिशेब सुरू होतो, आणि तो मला प्रत्यक्ष निवडणुकीपेक्षा अधिक अस्वस्थ करतो. केंद्रनिहाय मतांचा तक्ता, म्हणजे नमुना २०, मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर येतो आणि कोणीतरी तो मोबाइलवर उतरवून घेतो. आमचे मतदान केंद्र लहान आहे. आमची वाडी आणि खालची वाडी मिळूनच ते भरते. मतदानापूर्वी देवळात बैठक होऊन वाडीची मते एकगठ्ठा अमुक उमेदवाराला द्यायची असे ठरलेले असते, कारण त्याने साकव (ओढ्यावरचा छोटा पूल), पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) किंवा सभामंडप करून देण्याचे कबूल केलेले असते. तक्त्यात मात्र समोरच्या उमेदवारालाही मते दिसतात. मग ती कोणाची, याचा शोध सुरू होतो. मतदानाला मुंबईहून कोण आले होते, कोणाचा जावई कोणत्या पक्षात आहे, कोणाची नळजोडणी रखडली होती, असे धागे जुळवत शेवटी दोन-तीन घरांवर बोट ठेवले जाते. त्या घरांना तोंडावर कोणी काही बोलत नाही, पण पुढच्या शिमग्यात पालखी त्यांच्या अंगणात आली की माणसे बसत नाहीत, नारळ घेऊन लगेच निघतात.

हा सगळा अंदाजाचा कारभार आहे आणि तो चुकीच्या घरावरही बसू शकतो. त्यावरून माझ्या मनात आलेला प्रश्न येथे मांडतो. समजा, उद्या ग्रामपंचायतीच्या फलकावर प्रत्येक मतदाराच्या नावापुढे त्याने दिलेले मत लिहून लावले, तर तुम्हाला काय वाटेल? लाज, भीती, की एकदाचे मोकळे झाल्यासारखे? आणि इतरांच्या नावांपुढचे तुम्ही वाचाल का?

माझ्यापुरते सांगतो. दिलेल्या मतांची मला लाज वाटत नाही. प्रत्येक मत मी विचार करून दिले आहे. पण प्रचाराच्या दिवसांत दारात आलेल्या प्रत्येक पक्षाच्या माणसाला पाणी द्यायचे आणि ‘आम्ही तुमचेच’ म्हणून पाठवायचे ही आपल्याकडची रीत आहे. माणूस दारातून नाराज होऊन जाऊ नये एवढाच तिचा हेतू असतो. फलक लागला तर मताबरोबर ते सगळे ‘तुमचेच’ही उघडे पडतील. आणि खरे सांगायचे तर मी त्या फलकावर सर्वांत आधी माझ्या सख्ख्या भावाचे नाव शोधीन. ते शोधावेसे वाटेल, याचीच मला अधिक भीती वाटते.

निवृत्त गुरुजी (दापोली)

आपला प्रश्न मनाचा आहे, तरी आधी थोडे यंत्रणेविषयी लिहितो, कारण अनेकांच्या मनातली भीती चुकीच्या माहितीवर उभी असते. शिक्षक म्हणून नोकरी करताना मतदान अधिकारी आणि पुढे केंद्राध्यक्ष म्हणून मी बऱ्याच निवडणुकांत काम केले आहे.

मतदान केंद्रावर पहिला अधिकारी यादीत तुमचे नाव शोधून खूण करतो, दुसरा शाई लावतो आणि नोंदवहीत, म्हणजे नमुना १७-ए मध्ये, तुमची सही किंवा अंगठा घेतो. तुम्ही मतदानाला आलात की नाही एवढेच या कागदांवरून कळते. यंत्रात मतदाराचे नाव किंवा यादीतील क्रमांक जातच नाही. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी काचेमागे ७ सेकंद दिसते आणि बंद पेटीत पडते. तिच्यावर उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह असते, तुमच्याविषयी एक अक्षरही नसते. कागदी मतपत्रिकेच्या काळात स्थळप्रतीवर, म्हणजे फाडून मागे ठेवलेल्या भागावर, मतदाराचा यादी क्रमांक लिहिला जात असे, त्यामुळे सिद्धांततः शोध लागू शकला असता. परंतु ती पाकिटे मोहोरबंद असत आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय उघडता येत नसत. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२८ नुसार मतदानाचे गुपित फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला किंवा प्रतिनिधीला ३ महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो, आणि कलम ९४ नुसार कोणाही व्यक्तीला ‘तू कोणाला मत दिलेस’ हे सांगायला भाग पाडता येत नाही. हे न्यायालयातील साक्षीदारालाही लागू आहे. वाडीच्या बैठकीला न्यायालयापेक्षा मोठा अधिकार कोणी दिलेला नाही.

आता मनाविषयी. केंद्रावर बसलेल्या माणसाला एक गोष्ट दिसते, जी बाहेर कोणाला दिसत नाही. पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेलेला माणूस बदलतो. बाहेर रांगेत जो पुढाऱ्याकडे पाहून हात जोडत असतो, तो आत गेल्यावर क्षणभर स्तब्ध उभा राहतो. बोटाला लगेच घाई नसते. अनेक वृद्ध स्त्रिया आत जाऊन मोठ्याने विचारायच्या, ‘गुरुजी, अमक्याचं चिन्ह खंयचा?’ आणि समोर बसलेले सर्व पक्षांचे प्रतिनिधी एकमेकांकडे पाहायचे. मी प्रत्येक वेळी त्यांना समजावून सांगत असे की, आजी, नाव घेऊ नका, चित्रे पाहा आणि मनातले बटण दाबा. ते प्रतिनिधी त्याच गावचे असत. आजींचे रेशन, औषध, पावसाळ्यात डोलीने दवाखान्यात नेणे, सगळे त्यांच्यापैकीच कोणाच्या तरी हातात असे. त्यामुळे मते उघड झाली तर मला स्वतःसाठी काही वाटणार नाही, मला निवृत्तिवेतन आहे आणि घर स्वतःचे आहे. मला भीती वाटेल ती त्या आजींसाठी.

आणखी एक नोंद. २०१३ पूर्वी ज्याला कोणालाच मत द्यायचे नसे, त्याला नियम ४९-ओ नुसार तसे केंद्राध्यक्षांना सांगून नोंदवहीत सही करावी लागे. म्हणजे मत देणाऱ्याचे गुपित राखले जाई आणि न देणाऱ्याचे सर्वांसमोर फुटे. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ रोजी ही तरतूद गोपनीयतेच्या विरोधात असल्याचे ठरवले आणि त्यातून ‘नोटा’चे बटण आले. नोटाच्या उपयोगावर लोक पुष्कळ वाद घालतात. माझ्या दृष्टीने त्या निकालाचा खरा गाभा गोपनीयतेत आहे.

खाडीकाठ (मालवण)

गुरुजींनी आजींविषयी लिहिले ते वाचून मला राहवले नाही.

आमच्याकडे मत कोणाला द्यायचे हे घरात पुरुष सांगतात, आणि पुरुषांना ते बंदरावर कळलेले असते. मी ते कधी उघडपणे नाकारलेले नाही. पण त्या आडोशामागे मी एकटी असते. सासू, नवरा, दीर, बचत गटाची अध्यक्ष, यांतले कोणीही तेथे माझ्या खांद्यावरून पाहू शकत नाही. माझ्या आयुष्यात इतकी खासगी जागा दुसरी नाही. बँकेचे पासबुकसुद्धा घरात चारजण उघडून पाहतात. तुमच्या फलकावर माझ्या नावापुढे खरे मत लिहिलेले दिसले, तर गावाचे मी नंतर पाहीन, त्या रात्री घरात काय होईल हे आधी पाहावे लागेल. आणि तसा फलक लागणार आहे हे आधीपासून ठाऊक असते, तर मी सांगितलेल्या ठिकाणीच मत दिले असते. म्हणजे फलकावर जे लागले असते ते माझे मत नसतेच. मत उघड करण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी याचा विचार करावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. उघड केलेली यादी खरी राहील, हे ते गृहीत धरतात.

मासेमारीचेही सांगते. रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला, दोर ओढायला किनाऱ्यावर पुष्कळ माणसे लागतात आणि आलेल्या मासळीत प्रत्येकाचा वाटा असतो. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले (यांत्रिक बोटीतून मोठ्या जाळ्याने अख्खा थवा वेढून पकडणारे) यांचा वाद आमच्या किनाऱ्यावर किती तीव्र आहे हे वेगळे सांगायला नको. २०१६ मध्ये शासनाने पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले तरी तो मिटलेला नाही आणि प्रत्येक निवडणुकीत तो असतोच. एकाच कुटुंबात एक भाऊ रापणीला जातो आणि दुसरा यांत्रिक बोटीवर खलाशी म्हणून जातो. खलाशाने मालकाच्या विरोधातल्या उमेदवाराला मत दिले हे मालकाला कळले, तर पुढच्या हंगामात त्याला बोटीवर कोण घेईल? घेणार नाही असे मालक म्हणणार नाही. तो म्हणेल, ‘या वर्षी माणसे पुरेशी आहेत.’ त्याची तक्रार कोणत्या कलमाखाली करायची?

इतरांची नावे वाचीन का, असे आपण विचारले आहे. वाचीन. न वाचण्याइतका संयम माझ्याकडे नाही, आणि गावात फार थोड्यांकडे असेल.

चाकरमानी (विरार, मूळ गाव राजापूर तालुका)

वरील दोन्ही मतांचा आदर ठेवून मी विरुद्ध बाजू मांडतो, कारण ती बाजू मला खरोखर पटते.

गुप्ततेमुळे आपल्याकडे खोटे बोलण्याची सवय सार्वत्रिक झाली आहे. कातळसडा यांनी लिहिलेले ‘आम्ही तुमचेच’ हे त्याचेच उदाहरण आहे. गावाकडच्या मतदानासाठी उमेदवाराने केलेल्या गाडीतून मुंबईहून लोक जातात, त्याच्या खर्चाने जेवतात आणि मत दुसऱ्याला देऊन आल्याचे परतीच्या प्रवासात अभिमानाने सांगतात. यात मला कसलेही शौर्य दिसत नाही. माणसाने आपल्या मताच्या मागे उभे राहावे. ग्रामसभेत आपण हात वर करून ठराव करतोच. स्वित्झर्लंडमध्ये ग्लारुस आणि आपेंझेल इनररोडन येथे आजही नागरिक चौकात जमून उघडपणे हात वर करून निर्णय घेतात. आपल्याकडे राज्यसभेचे मतदान २००३ पासून खुले झाले, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ते वैध ठरवले, आणि डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्र विधानसभेने अध्यक्षांची निवड गुप्त मतदानाऐवजी आवाजी मतदानाने घेण्याचा नियम केला. आमदारांना उघडपणा चालतो, तर मतदाराला का चालू नये?

मला स्वतःला काय वाटेल? पहिले वर्ष कठीण जाईल. भावकीत दोन घरे बोलणे सोडतील. पण त्यानंतर लोकांना सवय होईल आणि मतभेद असूनही शेजारी राहता येते हे गाव शिकेल. आज आपण ते शिकतच नाही, कारण मतभेद आहेत हेच आपण एकमेकांपासून लपवून ठेवतो.

निवृत्त गुरुजी (दापोली)

चाकरमानी दादा, आपल्या शेवटच्या वाक्यात तथ्य आहे आणि त्यावर मी बराच विचार केला. तरीही आमदार आणि मतदार यांची तुलना मला मान्य नाही. आमदार आपल्या वतीने मत देतो, म्हणून ते पाहण्याचा आपल्याला हक्क आहे. मतदार कोणाच्याही वतीने मत देत नाही. तो कोणाला जबाबदार असावा? त्याने मत कोणाला दिले हे पाहण्याचा हक्क सांगणारा माणूस बहुधा त्याच्यावर कसली ना कसली सत्ता असलेला माणूस असतो.

हा नुसता तर्क नाही. इंग्लंडमध्ये १८७२ पर्यंत मतदान उघडपणे होत असे आणि कोणी कोणाला मत दिले याची पुस्तके छापली जात. १८६८ च्या निवडणुकीत वेल्समधील कुळांनी जमीनदारांच्या इच्छेविरुद्ध मत दिले आणि त्यांतील अनेकांना जमिनीवरून हुसकावून लावण्यात आले. त्यानंतर तेथे गुप्त मतदानाच्या मागणीला जोर आला आणि १८७२ मध्ये कायदा झाला. त्याआधी ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरियात १८५६ मध्येच ही पद्धत सुरू झाली होती.

आता हेच आपल्या कोकणात ठेवून पाहा. येथे खोत, म्हणजे सरकारसाठी सारा वसूल करणारे गावचे जमीनदार होते, आणि त्यांची जमीन कसणारी कुळे होती. अलिबागजवळ चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ असा दीर्घ संप केला, जमिनी पडीक ठेवल्या आणि हाल सोसले. डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती रद्द करणारा कायदा १९४९ मध्ये झाला, आणि १९५१-५२ मध्ये पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी आडोशामागे ठेवलेली असे, तिच्यावर चिन्ह असे, आणि मतदाराने खूण न करताच आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची असे. कालपर्यंत खोताच्या अंगणात चप्पल काढून उभा राहणारा माणूस त्या पेट्यांसमोर उभा होता. खोत आडोशाच्या बाहेर बसून पाहत असता, तर कायद्याने गेलेली खोती मतपेटीत टिकून राहिली असती.

स्वित्झर्लंडमधील त्या सभेत कोणाची बोट कोणाच्या मालकीची आहे हे मला माहीत नाही, आणि त्यावरच सर्व अवलंबून असते. आपल्या वाडीत मात्र मला ते माहीत आहे.

आणि वाळीत टाकण्याविषयी. रायगड, रत्नागिरीत हा प्रकार किती खोल आहे हे आपण जाणतो. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू आहे आणि त्यात ३ वर्षांपर्यंत कारावास, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. शिवाय उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने इतर कोणी मतदाराला जातीतून अथवा समाजातून बाहेर काढण्याची धमकी देणे ही १९५१ च्या अधिनियमाच्या कलम १२३ खाली भ्रष्ट प्रथा ठरते. (मतदारांची फुकट ने-आण करणेही त्याच कलमात आहे, हे त्या गाड्यांविषयी सांगून ठेवतो.) धमकीला कायदा आहे. अंगणात न बसण्याला मात्र कायदा नाही.

वाशिष्ठी (चिपळूण)

मी अलीकडेच मतदार झालो आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. मी माझे मत मित्रांना सांगतो आणि मला त्याची भीती वाटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८० च्या एका निकालात म्हटले होते की गोपनीयता हा मतदाराचा विशेषाधिकार आहे, म्हणून त्याला वाटले तर तो स्वतः सांगू शकतो. मी सांगतो ते माझ्या इच्छेने सांगतो. यंत्राचा फोटो काढून मात्र सांगता येत नाही, आणि ते योग्यच आहे. फोटोला परवानगी मिळाली तर पैसे वाटणारा माणूस पुरावा मागेल. आज पैसे घेणाऱ्याने मत कोणाला दिले हे देणाऱ्याला कळत नाही, त्यामुळे विकत घेतलेल्या मताचा भरवसा नाही. चाकरमानी काकांना जो खोटेपणा वाटतो, तोच येथे गरीब माणसाचे संरक्षण करतो असे मला वाटते.

एक मुद्दा कोणी मांडलेला नाही. फलक अर्धा लागलेलाच आहे. आमच्या भागात पक्षांचे कार्यकर्ते मतदार यादीची प्रत घेऊन बसतात आणि प्रत्येक घरापुढे ‘आपले’, ‘त्यांचे’ आणि ‘डळमळीत’ अशा खुणा करतात. माझ्या घरापुढे कोणती खूण आहे हे मला कोणी विचारलेले नाही आणि ती चुकीची असली तरी मला ती दुरुस्त करता येत नाही. खरे मत उघड झाल्यापेक्षा, कोणीतरी परस्पर ठरवलेले मत माझ्या नावावर फिरत राहणे मला जास्त टोचते.

खाडीकाठ (मालवण)

‘अर्धा फलक’ हे अगदी खरे आहे. ग्रामपंचायतीला तर तो जवळजवळ पूर्णच असतो. प्रभाग लहान, मतदार थोडे, उमेदवार नात्यातले. कोणाला किती मते पडली हे ऐकले की पाठोपाठ नावे मोजली जातात. सख्ख्या चुलत दिराला अपेक्षेपेक्षा कमी मते पडली, तर घरातल्या सुनांकडे आधी पाहिले जाते.

घरी येऊन मत घेण्याच्या सोयीविषयीही मनात शंका आहे. २०२४ पासून ८५ वर्षांवरील मतदारांना घरून मत देता येते. मतदानाचे पथक घरी येते, चित्रीकरण होते, गुप्तता पाळायची असते, हे सर्व ठीक आहे. परंतु खाटेवर बसलेल्या आजीच्या भोवती जे घर उभे असते त्याला थोडा वेळ बाहेर काढण्याचे काम त्या पथकाने खरोखर कसोशीने करावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

निवृत्त गुरुजी (दापोली)

ताई, अगदी बरोबर. केंद्रावरसुद्धा दृष्टिहीन किंवा अपंग मतदाराबरोबर सोबती पाठवताना एका माणसाने एकाच मतदाराचा सोबती व्हावे आणि गुप्तता राखण्याचे लेखी प्रतिज्ञापत्र द्यावे असा नियम आहे. गावचा एखादा ‘मदत करणारा’ पाठोपाठ चार वृद्धांना घेऊन आला तर केंद्राध्यक्षाने त्याला थांबवले पाहिजे. वाचता येत नाही हे सोबती देण्याचे कारण होत नाही, हेही येथे नमूद करतो.

केंद्रनिहाय आकड्यांवर उपाय सुचवलेला आहे. कागदी मतपत्रिका मोजताना काही मतदारसंघांत वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका आधी एकत्र मिसळल्या जात, म्हणजे वाडीचा आकडा वेगळा दिसत नसे. यंत्रे आल्यावर ते संपले. निवडणूक आयोगाने २००८ मध्ये ‘टोटलायझर’ नावाच्या जोडणीचा प्रस्ताव मांडला. त्यात १४ पर्यंत केंद्रांची मते एकत्र मोजता येतात. विधी आयोगाने मार्च २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. तसा नियम मात्र झालेला नाही. केंद्राचा आकडा जाहीर असला तर मतमोजणीवर लक्ष ठेवता येते, हा विरोधातला मुद्दा मी हलका मानत नाही. तरी लहान वाड्यांच्या बाबतीत तोल मतदाराच्या बाजूने झुकावा असे माझे स्पष्ट मत आहे.

चाकरमानी (विरार, मूळ गाव राजापूर तालुका)

खोती आणि खलाशी या दोन्ही उदाहरणांना माझ्याकडे उत्तर नाही. मी विरारमध्ये राहतो. माझ्या मतामुळे माझी नोकरी, पाणी किंवा वाट अडत नाही, आणि शेजारच्या दारात कोण राहते याच्याशीही मताचा संबंध येत नाही. येथे माझे मत फलकावर लागले तरी कोणी थांबून वाचणार नाही. गावात राहणाऱ्याच्या बाबतीत मी उघडपणाचा आग्रह सोडतो. एकगठ्ठा मताच्या बैठकीला मात्र माझा विरोध कायम आहे, कारण ती बैठक म्हणजे मतदानाआधीच सर्वांची मते उघड करून घेणे होय, आणि त्या बैठकीत आम्ही मुंबईकरच सर्वांत मोठ्याने बोलतो.

कातळसडा (देवगड तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. ताईंचे एक वाक्य मी घरात वाचून दाखवले: फलक लागणार हे ठाऊक असेल तर फलकावर लागलेले मत माझे नसेलच. आईने ते पुन्हा वाचायला लावले आणि त्यावर ती काही बोलली नाही.

चाकरमानी दादांच्या शेवटच्या मुद्द्यावर मी काय करायचे ठरवले आहे ते लिहितो. आमच्या वाडीला साकव खरोखर हवा आहे. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की मुलांची शाळा बुडते. तो मताच्या बदल्यात मागितला जातो, म्हणून निकालानंतर मते मोजून पाहिली जातात. पुढच्या ग्रामसभेत साकवाचा ठराव वाडीच्या नावाने लेखी मांडावा, त्याची प्रत पंचायत समितीला आणि जिल्हा परिषदेला द्यावी, आणि देवळातल्या बैठकीत मताचा विषय घेऊ नये, असे मी मानकऱ्यांशी बोलणार आहे. त्यातले दोघे ऐकतील असे वाटते. तिसऱ्यांचे चिरंजीव स्वतः उमेदवार असणार आहेत, त्यामुळे तेथे वेळ लागेल. ठरावाचा मसुदा तयार झाला की येथे टाकतो. गुरुजींनी तो नजरेखालून घालावा.